पाडव्याला ‘न्हाई’ म्हणत नाहीत

तुम्ही गेलात, चाचा, पण तारीख राहिली.

माणूस गेला की सगळं जिथल्या तिथं थांबतं असं म्हणणारे लोक कधी विक्रीकर ऑफिसात गेले नसतील. तुमची तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. चाचींनी तुमचा चष्मा पुसून कपाटात ठेवला. जालन्याच्या व्यापाऱ्यांनी ‘मोईनभाईसारखा टॅक्सवाला पुन्हा व्हायचा न्हाई’ असं एकमेकांना सांगून झालं. वडीगोद्रीच्या कन्हैय्यासेठच्या सुनावणीची तारीख मात्र कॅलेंडरात होती तिथंच होती. काल ती झाली. मी गेले होते. एकटी गेले, आणि आत गेले. घाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नका.

‘आधी निकाल सांग, मंग रडगाणं,’ हा तुमचा नियम. आज तो मोडते. निकाल शेवटी सांगणार आहे, कारण निकालात तुम्हीही आहात.

मी भित्री आहे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. औरंगाबादला कॉम्प्युटर शिकून आलेली जाफराबादची पोरगी, दुकानाची बिलं आणि विक्रीकराचा हिशेब करणारा स्वतःचा प्रोग्राम फ्लॉपीत घेऊन तुमच्या ऑफिसात आले होते. तुम्हाला दाखवायला लागले आणि लाईट गेली. मशीन बंद. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तुम्ही चहा मागवलात आणि म्हणालात, “बेटा, लाईटीला काय रडायचं? मी तीस वर्षं बिनालाईटीचा टॅक्स काढून राह्यलो. तू मशीन समज, मी सायब समजतो. दोघं मिळून एक हुशार माणूस व्हतो का बघू.”

मग तुम्ही मला दुकानादुकानात घेऊन गेलात. तीर्थपुरीचं खताचं दुकान, वडीगोद्रीचं कन्हैय्यासेठचं हार्डवेअर, जाफराबादचे सरकीवाले. मी जीपमध्ये मॉनिटर मांडीवर घेऊन बसायचे आणि तुम्ही ड्रायव्हरला दम द्यायचात, “अबे आहिस्ता, आत सरकारचा टॅक्स हाय.” व्यापारी माझ्याकडे बघायचेच नाहीत, तुमच्याशी बोलायचे. ‘मोईनभाई, ही पोरगी बराबर करंल ना?’ तुम्ही म्हणायचात, ‘मी हाय ना.’ त्या तीन शब्दांवर माझा धंदा उभा राहिला. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही चिडला असतात, म्हणून पुढं ढकलत गेले. आता कुणाला सांगू?

एक गोष्ट मात्र तुम्ही कितीदा सांगूनही मी केली नाही. साहेबांच्या खोलीत मी कधी आले नाही. हिशेबाचे कागद माझ्या मशीनमधून निघायचे, पण ते आत घेऊन जायचे तुम्ही. मी बाहेरच्या लाकडी बाकावर. त्या खोलीचं दार नुसतं करकरलं तरी मला शाळेतल्या छडीची आठवण व्हायची. तुम्ही हसायचात. एकदा बाकावर माझ्याशेजारी बसून मला तुमची विद्या सांगितलीत: “डर वाटला की टेबलावरल्या पेपरवेटकडं बघायचं. काचेचा हाय, आत निळं फूल हाय. पण खरं बोलायचं आसंल तवा सायबाच्या डोळ्यातच बघायचं. आकडे सायबाला लगेच समजत न्हाईत, डोळे समजतात.” मी मान हलवली आणि बाकावरच बसून राहिले.

मग तो पाडवा आला.

सरकारनं हिशेबाचं वर्ष एप्रिलपासून केलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती, पण व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीच्या पाडव्यालाच बदलतं. नवी वही, वर कुंकवाचं स्वस्तिक, आणि पहिलं बिल एक नंबरचं. कागदावर कुणाचं काही अडत नव्हतं. एप्रिलचं एक नंबर वेगळ्या पुस्तकात, पाडव्याचं एक नंबर वेगळ्या पुस्तकात. त्या वर्षी कन्हैय्यासेठनं एप्रिलपासून बिलं काढणारा कॉम्प्युटर पहिल्यांदाच पूजेला वहीच्या शेजारी मांडला, झेंडूची माळ घातली, पडद्याला कुंकू लावलं आणि मुहूर्तावर एक नंबरचं बिल करायला घेतलं. मशीननं विचारलं: हा नंबर आधी वापरलाय, जुनं पुसून नवं लिहू का? हो असेल तर वाय दाबा, नाही असेल तर एन.

मी तेव्हा दिवाळीला जाफराबादला होते. तिथं असते तर हात धरला असता. सेठनं भावाला विचारलं, “एन म्हंजे काय रे?” भाऊ म्हणाला, “न्हाई.” सेठनं कपाळाला हात लावला. पाडव्याच्या दिवशी, लक्ष्मीसमोर, दुकानात ‘नाही’ म्हणायचं? जिथं दुकान बंद केलं असंसुद्धा कुणी म्हणत नाही, ‘वाढवलं’ म्हणतात? सेठनं हात जोडले आणि वाय दाबलं. दुसऱ्या दिवशी दोन नंबरच्या बिलाला पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा वाय. एकदा शुभ झालं म्हटल्यावर तेच चालू राहिलं. दिवाळीनंतर बांधकामांची गर्दी; मार्च संपला तोवर एप्रिलपासून दिवाळीपर्यंतची सगळी बिलं एकेक करून पुसली गेली होती.

तरीही कागदाच्या प्रती असायला हव्या होत्या. होत्याही. पण ‘म्याडम, काम्पुटरात हाय म्हटल्यावर कागद कशाला सांभाळायचा’ असं म्हणून सेठनं त्या प्रतींत खिळे बांधून दिले. त्याची एप्रिल ते ऑक्टोबरची विक्री आसपासच्या गावांत खिळ्यांभोवती गुंडाळून गेली.

हे सगळं कळलं तेव्हा विक्रीकराच्या तपासणीची, असेसमेंटची नोटीस येऊन पडली होती. मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही आधी इतके हसलात की चाची पाणी घेऊन बाहेर आल्या. मग हसता हसता थांबलात. बिलं नाहीत म्हणजे सेठनं विक्री लपवली, साहेब असंच धरणार. दंड बसला तर दुकान उठणार. आणि पुसणारा प्रोग्राम माझा. तो वडीगोद्रीत आहे, तीर्थपुरीत आहे, जिथं जिथं तुम्ही ‘मी हाय ना’ म्हणालात तिथं आहे.

“खरं सांगून टाकू या,” मी म्हणाले.

“खरं?” तुम्ही म्हणालात. “पाडव्याला न्हाई म्हणत न्हाईत म्हणून सेठनं स्वतःची बिलं पुसली, हे सांगू? बेटा, झूट कसं बी असलं तर चालतं, पण खरं जरा तरी खरं वाटाया पाह्यजे.”

तारखेला तुम्ही आत गेलात. मी बाकावर. दार बंद झालं आणि बराच वेळ उघडलंच नाही. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमचा चेहरा मला ओळखू आला नाही. चालत आपण कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत आलो आणि मग तुम्ही सांगितलंत. साहेबांनी विचारलं होतं, प्रोग्राम कुणी केला? तिला आत बोलवा. आणि तुम्ही पटकन म्हणून गेला होतात, “प्रोग्रामची गलती न्हाई साहेब. व्होल्टेजनं डिस्क जळाली.”

साहेब म्हणाले होते, ठीक आहे, पुढच्या तारखेला ती जळालेली डिस्क आणून दाखवा.

चहा माझ्या हातात तसाच राहिला. डिस्क ठणठणीत होती. तुम्ही खाली बघत म्हणालात, “ती खराब करून टाक. हातोडी न्हाई लागत. तूच म्हणली व्हतीस, नुस्ती हातातून पडली तरी जाती.”

“चाचा, हे मी नाही करणार.”

“मी बोलून आलोय बेटा. माझा शब्द गेलाय.”

“मग तुम्ही बोललातच कशाला? मला विचारलं का? तुम्हाला मशीनचं काय कळतं?”

त्या गाड्यावर चार व्यापारी उभे होते. त्यांच्यासमोर मी तुम्हाला हे म्हणाले. तुम्ही कपाची बशी सरळ केलीत आणि हळू म्हणालात, “मला मशीन समजत न्हाई, आन तुला सायब समजत न्हाई. झाकली मूठ हाय, झाकलेली राहू दे.” मग उठलात आणि टोपी नीट करून निघून गेलात. रिक्षात बसताना हात केलात. मी केला की नाही, ते मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं.

त्यानंतर आपण त्या विषयावर बोललो नाही. दुसऱ्या कामांवर बोललो, टॅक्स भरायच्या चलनावर, तीर्थपुरीच्या प्रिंटरवर. दोघंही वाट बघत होतो, आधी समोरच्यानं नमतं घ्यावं म्हणून. मग एका सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. पहाटेची, फजरची नमाज झाली, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत संपलं.

तुमच्या घरी बायकांच्या खोलीत चाचींशेजारी बसले होते तेव्हा मला रडू येत नव्हतं, चाचा. मला भीती वाटत होती. चाची माझा हात हातात घेऊन म्हणत होत्या, “हे तुझीच काळजी करत होते. बोलायचे, पोरीला आत जाता यायला पाहिजे.” आणि मी मनात एकच विचार करत होते, की आता आत कोण जाणार. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे. माझं रडणं त्या भीतीनंतर आलं.

डिस्क मी सेठच्या मशीनमधून काढली, तिथं दुसरी बसवून दिली. जुनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये. त्या दिवसांत मी ती पर्स कुठं खाली ठेवली नाही. जीपमध्ये दचका बसला की जीव वरखाली व्हायचा. कधी वाटायचं, बरंय, आता गेली असेल, सुटले. मग घरी येऊन लावून बघायची, तर चालू. सेठ तर म्हणालाच, “म्याडम, हातोडी देऊ का? दुकान हातोडीचंच हाय.” तो हसला नाही आणि मीही हसले नाही. त्याच्या बायकोनं मला जेवायला वाढलं आणि मी जेवत असताना दाराच्या आडून डोळे पुसत राहिली.

ही डिस्क मोडली तर तुमचा शब्द खरा ठरतो. सेठही कदाचित सुटतो. माझं नाव येत नाही. तीस वर्षं ज्या ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे म्हणायचे, ‘मोईनभाई बोलले म्हणजे बराबरच असंल,’ तिथं तुम्ही तसेच राहता. नाही मोडली आणि खरं सांगितलं, तर मी तुम्हाला मेल्यानंतर खोटं पाडणार. आणि मोडली नि पकडले गेले, तर? डोळे चुकवले तर साहेब ओळखणारच. कुठल्या बाजूनं पडायचं तेच कळेना. इकडं आड, तिकडं विहीर, आणि नेहमी मधे उभे राहणारे तुम्ही गेलेले.

काल सकाळी ऑफिसच्या जिन्यात मी ती खरंच रुमालातून बाहेर काढली. दगडी पायऱ्या आहेत. नुसती बोटं सैल केली असती तरी पुरे होतं. सेठ मागं उभा होता. मी वर बघितलं तर जिन्याच्या वळणावर तुमची खिडकी, जिथं तुम्ही दम खायला थांबायचात. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मला नेमकं ठाऊक होतं. ‘पाड’ म्हणाला असता. आणि मी तुमच्याशी पुन्हा भांडले असते. तेव्हा मी तिथंच तुमच्याशी भांडण पुरं केलं आणि डिस्क पर्समध्ये ठेवली. या भांडणात तुम्हाला बोलायला मिळालं नाही, एवढं अन्यायाचं झालं.

बाकावर बसलो. शिपाई बाहेर आला, त्यानं सेठच्या दुकानाचं नाव पुकारलं आणि मागोमाग, कागदावर लिहिलं होतं म्हणून, तुमचं. “मोईन वकील हाजिर?” तुम्ही वकील नव्हतात, पण तो कायम तसंच पुकारायचा. मी सवयीनं शेजारी बघितलं, तुम्ही उठायची वाट बघत. शिपायाच्याही लक्षात आलं आणि त्यानं जीभ चावली. मग कुणीतरी ‘हाजिर’ म्हणालं. आवाज माझा होता.

आत तशी छोटीच खोली आहे, चाचा. मी इतकी वर्षं जेवढी भ्याले तेवढी मोठी नाही. साहेबांनी बसायला सांगितलं. “मोईनभाईंचं कळलं. वाईट झालं,” म्हणाले. मग म्हणाले, “डिस्क आणली?”

मी रुमाल टेबलावर ठेवून सोडला. पेपरवेट तिथंच होता. निळं फूल.

“जळालेली हीच ना?”

“नाही साहेब. चालू आहे.”

सेठनं डोळे मिटले. मी सांगायला लागले. पाडवा, माळ, एक नंबरचं बिल, वाय आणि एन. आवाज इतका बारीक निघत होता की साहेबांनी पंखा बंद करायला लावला. मी डोळ्यात बघत होते, तुम्ही सांगितलं होतं तसं. साहेब हसले नाहीत. ते सेठकडे वळले. “तुम्ही स्वतः हो दाबलं?”

“सायब,” सेठ हात जोडून म्हणाला, “पाडव्याला गल्ल्यावर बसून न्हाई कसं म्हणावं? तुमी म्हणचाल का?”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“मंग तेच करत राह्यलो. काम्पुटरबी काही बोल्ला न्हाई.”

साहेबांनी डिस्क उलटून बघितली. मग मला वाटत होतं तो प्रश्न आला. “मग मोईनभाई मला का म्हणाले, डिस्क जळाली म्हणून?”

चाचा, त्या क्षणी पेपरवेटकडं बघावं असं फार वाटलं. मी बघितलं नाही. साहेबांच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाले, “मीच त्यांना तसं सांगितलं होतं साहेब. मी घाबरले होते. त्यांना मशीनचं काही कळत नव्हतं. माझा शब्द त्यांनी तुमच्यापर्यंत आणला.”

चहाच्या गाड्यावर चारचौघांत तुम्हाला लागलेलं वाक्य, तेच. दुसरं काही सुचलं नाही.

साहेबांनी पेपरवेट उचलला, हातात फिरवला, पुन्हा ठेवला. “तरीच,” ते म्हणाले. “त्या दिवशी मोईनभाई माझ्याकडं बघत नव्हते. या फुलाकडं बघून बोलत होते. तुमच्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला नसणार.”

ते माझं बोलणं खरं मानून बोलले की सगळं ओळखून मला सोडून दिलं, ते मला कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं.

तर निकाल असा. साहेबांनी ‘बिलं नष्ट केली’ असं लिहिलं नाही, ‘नजरचुकीने पुसली गेली’ असं लिहिलं. खरेदीच्या बिलांवरून विक्री बसवून आणा म्हणाले, पुढची तारीख दिली. प्रोग्राम ज्यांच्याकडे आहे त्या प्रत्येक दुकानात मी स्वतः जाऊन तो दुरुस्त करायचा. दिवाळीच्या आत. तुमच्या जागी आता माझं नाव लागलं आहे. सेठ जिन्यात माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला ओरडले. तुमच्याबद्दल ऑफिसात कुणी काही वावगं बोललं नाही. शिपायानं मला चहा विचारला.

मी बाहेर येऊन आपल्या बाकावर बसून राहिले. तुम्ही आयुष्यात साहेबांपुढं एकदाच खोटं बोललात, माझ्यासाठी, आणि तेही तुम्हाला डोळ्यात बघून बोलता आलं नाही. मला आलं. आता मला त्याचीच भीती वाटते, चाचा.